शिक्का कुणाच्या हातात?

आम्ही बदनापूरच्या बाया. आज तुमच्याशी कागद, ठसा आणि भेटकार्ड यांच्या गोष्टी बोलायच्या आहेत. विषय ऐकून कुणी म्हणेल, हा तर शाळेतल्या पोरींचा उद्योग. आमच्या गटातल्या एका काकूंनीही पहिल्या बैठकीत हेच विचारलं होतं. "तूर, सोयाबीन, कापूस सोडून आपण आता रंगीत कागद चिकटवायचे का?" प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधता शोधता आम्ही बरंच मागे गेलो. तेच आज सांगतो.

सुरुवात घरापासून करू. गौरी घरात येतात तेव्हा दारापासून देव्हाऱ्यापर्यंत पावलं कशी काढतो आपण? मूठ वळायची, तिची कड पिठाच्या किंवा रंगाच्या पाण्यात बुडवून जमिनीवर टेकवायची आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके द्यायचे. झालं पाऊल. मैत्रिणींनो, हाच ठसा. एकच आकार पुन्हा पुन्हा, तसाच्या तसा उमटवायचा. भेंडीचा देठाकडचा भाग कापून रंगात बुडवला की फूल उमटतं, हे तर आपल्या प्रत्येक लेकराला माहीत आहे. म्हणजे ठशाची विद्या आपल्याला कुणी बाहेरून शिकवलेली नाही.

पण ठशाला एक दुसरं नाव आहे, शिक्का. आणि शिक्का म्हटलं की सत्ता आली. आपण सहज म्हणतो, "या गोष्टीवर शिक्कामोर्तब झालं." हा शब्द जुन्या दफ्तरातला आहे. शिवाजी महाराजांच्या काळी पत्राच्या माथ्यावर मोठा शिक्का उमटायचा आणि मजकूर संपला की खाली लहानसा मोर्तब. मोर्तबाचा अर्थ असा, की इथे पत्राची मर्यादा संपली. त्याखाली कुणी चार ओळी घुसडल्या तरी त्या खोट्या ठरणार. महाराजांच्या उपलब्ध पत्रांपैकी एक फार जुनं पत्र 1646 सालचं आहे. रांझे गावच्या पाटलानं बदअमल केला, म्हणून त्याला कडक शिक्षा दिल्याचं ते पत्र. बाईशी केलेल्या गैरवर्तनाची ती शिक्षा, असंच हे पत्र आजवर ओळखलं जातं. शिक्का खऱ्या हातात असला की गावच्या पाटलालाही जाब द्यावा लागतो, तो असा.

आणि शिक्का फक्त पुरुषांचा होता असं नाही. जिजाऊंच्या नावाचा स्वतंत्र शिक्का होता, फारसी अक्षरांतला. जिजाऊ कुठल्या? आपल्या जालन्याच्या शेजारच्या, सिंदखेडराजाच्या. 12 जानेवारीला आपल्यापैकी कितीतरी जणी तिथे दर्शनाला जातात. पुढच्या वेळी गेलात की लेकीला एवढं नक्की सांगा, या बाईची मोहर कागदावर उमटायची आणि तिचा शब्द चालायचा.

आता कागदाकडे वळू. आपल्याकडून रेल्वेनं किंवा रस्त्यानं छत्रपती संभाजीनगर गाठलं आणि पुढे दौलताबाद ओलांडून खुलताबादच्या वाटेला लागलं, की कागजीपुरा नावाचं गाव लागतं. नावातच कागद आहे. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, त्याच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि इथे वसले, असं सांगतात. दौलताबादी कागद दूरवर नावाजलेला होता. सोनेरी ठिपके शिंपडलेला अफशानी कागदही इथे होत असे. म्हणजे आज दुकानात आपण ज्याला 'फॅन्सी पेपर' म्हणतो, त्याचं माहेर आपल्याच मराठवाड्यात आहे.

तो कागद कसा व्हायचा ते ऐका, कारण पुढे आमची एक फजिती सांगायची आहे, ती इथेच सुटली. जुन्या चिंध्या, दोरखंड भिजवायचे, चुन्यात मुरवायचे, कुटायचे, धुवायचे. त्याचा लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा. साचा पाण्यात बुडवून अलगद वर उचलला की त्यावर लगद्याचा पातळ थर येतो. तो ताव दाबून पाणी काढायचं आणि भिंतीवर वाळवायचा. वाळला म्हणजे संपलं नाही. त्याला खळ द्यायची आणि मग गुळगुळीत दगडानं घोटायचा. खळ आणि घोटाई नसेल तर कागद शाई पिऊन टाकतो आणि अक्षर पसरतं.

पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हातकागदाचे हौद कोरडे पडू लागले. 1934 साली गांधीजींच्या पुढाकारानं वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्यात हातकागदाला जागा मिळाली. 1940 साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. तिथे आजही सुती चिंध्यांपासून कागद होतो. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. आपल्या शेतातला कापूस सूत होतो, सुताचं कापड होतं, कापडाची चिंधी होते आणि चिंधीचा पुन्हा कागद होतो. गोधडीत चिंधी जपणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कागद झाला, ठसा झाला. मग भेटकार्ड कधी आलं? ते टपालाच्या मागोमाग आलं. इंग्लंडमध्ये 1840 साली एका पेनीत पत्र जाऊ लागलं. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थानं नाताळचं कार्ड छापून घेतलं. त्याला सगळ्यांना वेगवेगळी पत्रं लिहायला वेळ नव्हता, म्हणून ही युक्ती. आपल्या देशात 1 जुलै 1879 ला पोस्टकार्ड आलं, पाव आण्याचं. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानाचं टपाल वेगळं होतं आणि 1869 पासून त्याची स्वतःची तिकिटंही होती.

आपल्या आज्यांना वाचता येत नव्हतं, तरी पत्राची भाषा त्यांना कळायची. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असलं की घरात लग्न. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की काळजात धस्स व्हायचं, कुणीतरी गेलं. असं कार्ड बाहेरच वाचून फाडून टाकायचे, घरात आणायचे नाहीत. म्हणजे अक्षराआधी खूण पोचत होती. आणि संक्रांत आली की छोट्या पाकिटात चार दाणे हलवा किंवा तिळगूळ आणि एक लहानसं रंगीत कार्ड, 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला'. सासरी गेलेल्या लेकीला ते पाकीट म्हणजे आख्खं माहेर. आता ते सगळं मोबाईलवर आलं. सकाळी उठल्यावर पन्नास चित्रं येतात आणि संध्याकाळी आपणच ती पुसून टाकतो, मोबाईल भरला म्हणून. पण आमच्यातल्या एकीच्या पत्र्याच्या पेटीत आईनं पाठवलेलं संक्रांतीचं कार्ड अजून आहे. आई जाऊन वीस वर्षं झाली.

आता सातासमुद्रापलीकडच्या एका मुलीची गोष्ट. अमेरिकेत वूस्टर नावाच्या गावी एस्थर हौलँड ही मुलगी होती. तिच्या वडिलांचं कागद-लेखणीचं दुकान होतं. 1847 साली तिचं शिक्षण झालं. इंग्लंडहून आलेलं जाळीदार कागदाचं एक भेटकार्ड तिनं पाहिलं आणि म्हणाली, हे मीही करीन. तिनं नमुने केले आणि विक्रीच्या फेरीवर निघालेल्या भावाजवळ दिले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, असं तिला वाटत होतं. भाऊ पाच हजारांवर मागणी घेऊन आला, असं सांगतात. मग तिनं मैत्रिणी गोळा केल्या. घरातच लांब टेबलावर काम वाटून दिलं. एकीनं कापायचं, दुसरीनं थर लावायचे, तिसरीनं चिकटवायचं. ज्यांना घर सोडता येत नव्हतं त्यांच्या घरी सामानाची पेटी जायची आणि तयार कार्डं परत यायची. मैत्रिणींनो, हा बचत गटच की नाही? फक्त नाव तेव्हा नव्हतं.

कार्डानं पैसा मिळतो तसं कामही होतं. 1949 साली युनिसेफनं पहिलं भेटकार्ड काढलं. त्यावरचं चित्र चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या एका मुलीचं होतं. युद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल तिनं ते आभार म्हणून काढलं होतं. आपल्या मुंबईत 1979 साली रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी मुलांसाठी क्राय ही संस्था काढली, तिलाही भेटकार्डांच्या विक्रीनं मोठा हात दिला.

आणि रबरी शिक्का? झाडाच्या चिकातलं कच्चं रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरनं ते गंधकाबरोबर तापवलं, तेव्हा ते टिकाऊ झालं. 1844 साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. त्यानंतर वीसेक वर्षांत रबरी शिक्के निघाले आणि कचेऱ्यांच्या टेबलांवर जाऊन बसले.

आता आमची फजिती. पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं हातकागद आणला, त्यावर ठसे मारले आणि सगळी शाई पसरली. पतंगाचा ढग झाला, तिळाचे लाडू शाईचे डाग झाले. एका दिवसाची मेहनत वाया गेली. मग कागजीपुऱ्याची खळ आठवली. तांदळाची पातळ पेज गाळून घेतली, फडक्यानं कागदावर एक हात दिला, सावलीत वाळवला आणि स्टीलच्या वाटीच्या बुडानं घोटला. ठसा स्वच्छ उमटला. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी आम्हाला वाचवलं म्हणायचं.

ठसा घरीही करता येतो. मोठं खोडरबर घ्या. पातळ कागदावर पेन्सिलीनं ठळक चित्र काढा, तो कागद रबरावर पालथा ठेवा आणि चमच्यानं घासा. चित्र उलटं उमटेल. तेच हवं, कारण ठसा मारला की ते सुलटं होतं. अक्षरांच्या बाबतीत हे विसरू नका. आमच्यातल्या एकीनं 'शुभ' असं सरळ कोरलं आणि कार्डावर काय आलं ते कुणालाच वाचता येईना. रेघेबाहेरचं रबर नखुरडं-नखुरडं काढा, घाई करू नका. ठसा शाईच्या पॅडवर हलका टेकवा, दाबू नका.

आता भावाचं. आम्ही शहरातल्या एका दुकानात कार्डं घेऊन गेलो. दुकानदार म्हणाले, मशीनचं कार्ड याहून स्वस्त मिळतं, तुमचं का घेऊ? आम्ही तोंड पाडून परत आलो. मग वहीत हिशेब मांडला. समजा, एका कार्डाला कागद 6 रुपये, पाकीट 2 रुपये, शाई आणि डिंक 1 रुपया. झाले 9. तासाला सहा कार्डं होत असतील आणि तासाची मजुरी 50 रुपये धरली, तर कार्डामागे साधारण 8 रुपये. म्हणजे 17. दहात एखादं खराब होतं, तेही त्यात धरा. मग 15 रुपयांना विकलं तर आपण आपलीच मजुरी फुकट वाटली. बायकांच्या कामात नेमकी मजुरीच धरली जात नाही. मशीनशी भावात भांडायचं नाही, असं आम्ही ठरवलं. मशीन ज्या कार्डावर नाव घालू शकत नाही, ते आपण करायचं. बारशाचं, डोहाळजेवणाचं, लग्नात आहेराबरोबर द्यायचं. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी पाच कार्डांची जुडी. 3 जानेवारीला सावित्रीबाई, 12 ला जिजाऊ, मग संक्रांत. आमचा हंगाम हाच.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. रबरी शिक्के करून घ्यायला दुकानात गेलो, तेव्हा एकीनं विचारलं, "आपल्या गटाचा शिक्का कुठे आहे गं?" तो होता एका सदस्येच्या मालकांच्या खिशात. गेली तीन वर्षं. बँकेत तेच जात, कागदावर शिक्का तेच मारत आणि आम्ही सह्या करत होतो. त्यांनी पैसा खाल्ला असं आम्ही म्हणत नाही. हिशेब पाहिला, तो जुळला. पण कोणत्या कागदावर आपला शिक्का उमटला, हे आमच्यातल्या एकीलाही सांगता येत नव्हतं. तो आम्ही परत मागितला. मागताना जीभ जड झाली, घरात दोन दिवस अबोलाही झाला. पण शिक्का आला.

आपल्या राज्यात 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंच बाई असते, पण शिक्का कुणाच्या खिशात असतो, हे प्रत्येकीनं आपापल्या गावात बघावं.

म्हणून आम्ही तीन नियम केले आहेत. गटाचा शिक्का पेटीत, पेटी गटात, किल्ली दुसरीकडे. शिक्का कशावर मारला याची वहीत नोंद. आणि कोऱ्या कागदावर शिक्का कधीच नाही, मजकूर संपतो तिथे आडवी रेघ. जुन्या दफ्तरातला मोर्तब हेच सांगत होता.

त्या काकू आता भेंडीचे ठसे सगळ्यात सुबक मारतात. तुम्हीही या संक्रांतीला एक तरी कार्ड हातानं करा आणि कुणाला तरी पाठवा. त्याआधी एक काम करा. आज बैठकीत विचारा, आपल्या गटाचा शिक्का कुठे आहे?