मोरीचं पाणी आणि मांडव : वैतरणेकाठच्या परसाचा इतिहास

मंडळी, बागांचा इतिहास म्हटलं की आपण राजवाड्यांकडे बघतो. आज आपण घरामागच्या परसाकडे बघू, आणि तेही वैतरणेच्या काठी.

त्र्यंबकच्या डोंगरातून आलेली ही नदी अर्नाळा आणि दातिवरे यांच्या मधून समुद्राला मिळते. तिचं गोडं पाणी मुंबई पिते : १८९२ मध्ये तिच्या उपनदीवर तानसा धरण झालं, १९५७ मध्ये मोडकसागर, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुखाकडे मात्र भरतीबरोबर खारं पाणी आत शिरतं. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मातीतलं मीठ धुऊन खाली जातं आणि खारजमिनीत भात येतो. दिवाळीनंतर ऊन तापलं की ओल वर चढते, उडून जाते आणि मीठ वरच्या थरात राहतं. मग घरची भाजी लावायची कुठे?

उत्तर घरातच होतं. मोरीच्या तोंडाशी केळ आणि अळू; सांडपाणी तिथेच जिरायचं. दुधी, शिराळी, घोसाळी मांडवावर नाहीतर थेट छपरावर. मुळाला हातभर जागा, पसारा सगळा वर. आळ्यात पेंढा आणि पालापाचोळा, म्हणजे ओल उडत नाही आणि मीठही वर येत नाही. केळवे-माहीमच्या वाड्यांत हीच समज मोठ्या प्रमाणावर दिसते : नारळ, सुपारी, केळी आणि आधारावर चढलेली पानवेल. एकाच जागेचे तीन-चार मजले!

१९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली, औद्योगिक वसाहत आली, बोईसरला चाळी आणि मग इमारती उठल्या. परस गेलं. मोरीचं पाणी गटारात गेलं. पण रीत टिकण्याजोगी होती. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून हेच सांगितलं : जमीन थोडी असली तरी ऊन, पाणी आणि पालापाचोळा यांचा हिशेब नीट मांडा. पुढे मुंबईच्या गच्च्यांवर लोकांनी उसाच्या चिपाडात, मूठभर मातीवर भाज्या घेतल्या.

आता गॅलरीत काय करायचं? खाडीकाठची माती कुंडीत भरू नका. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर आला, तर कुंड्या पावसात ठेवा. भोक मोकळं असेल तर मीठ धुऊन जाईल. वेल गजांवर चढवा. एक गोष्ट मात्र बदलली आहे. पूर्वी भांडी राखेने घासत, आज साबणाने. ते पाणी कुंडीला जसंच्या तसं नको. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी मात्र खुशाल घाला.

आणि आपल्यातले जे मुंबईत बसून ऐकत आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या नळालाही वैतरणेचं पाणी येतं. तिच्या मुखाशी लोकांनी एक-एक तांब्या दोनदा वापरून भाजी पिकवली. परसाच्या इतिहासातून आपण एवढं जरी उचललं, तरी पुष्कळ झालं.