धायटीचा मुलूख

वर्धा जिल्ह्याचा दक्षिण भाग काळ्या, कपाशीच्या मातीचा. परंतु उत्तरेकडील आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत सातपुड्याचे फाटे उतरून आले असून, त्यांच्या ज्या खडकाळ उतारांवर सागही खुरटतो आणि नांगराला वावच नाही, तेथे धायटी आपसूक माजते. मेंदीच्या कुळातील हे झुडूप सामान्यतः पुरुषभर उंच; फांद्या लवलेल्या, पानांच्या पाठीवर बारीक काळे ठिपके, आणि माघ-फाल्गुनात, पाने विरळ झालेल्या डहाळ्यांवर तांबड्याभडक नळीदार फुलांचे घोस. वाळले तरी या फुलाची लाली बरीचशी टिकते.

चरकसंहितेत पुष्पासवांच्या, म्हणजे फुलांपासून आंबवलेल्या आसवांच्या गणनेत धातकी, म्हणजे हीच धायटी, आली आहे, आणि अशोकारिष्टापासून कुमार्यासवापर्यंत वैद्यांचे तिच्यावाचून आजही अडते. गूळ विरघळवलेल्या काढ्यात वाळकी फुले टाकावयाची, भांड्याचे तोंड कापडमातीने बंद करावयाचे आणि महिनाभर त्यास हात लावावयाचा नाही, एवढीच कृती. फुलासंगे आलेले किण्व पुढचे काम मुकाट्याने उरकते.

1862 मध्ये नागपुरापासून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. त्या दशकातील जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात मालगुजारांस, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्यांस, मौज्यांची मालकी मिळाली, गावांच्या गरजेहून अधिक ठरलेले रान सरकारने आपल्याकडे ठेवले, आणि पुढे 1878 च्या कायद्याने ‘राखीव’ या शब्दास धार आली. मालगुजारी रानातील सरपण, काटेकुटे व चराई यांचा रयतेचा निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरता हक्क, वाजिब-उल-अर्ज या गावच्या रिवाजांच्या नोंदीत लिहिला जाई. अंमलदाराचे लक्ष मात्र इमारती लाकडावर. फुलाचा रंग, पाल्यातील कातडे कमावण्यास उपयोगी पडणारा तुरट अंश, हे त्याच्या लेखी किरकोळच असावे, आणि माझ्या मते हे दुर्लक्ष झुडपाला मानवले. 1951 मध्ये मालगुजारी गेली. जिल्ह्यातील बोरचे रान 1970 साली अभयारण्य आणि 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाले, तेव्हा तेथून फूल वेचून आणण्याची वाट बंद झाली.

मौज अशी की गांधी-विनोबांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, आणि त्याच्याच डोंगरांवर आसव पिकविणारे हे फूल दरसाल फुलते. आसवाच्या बाटलीवर स्वयंजनित मद्यार्काचा उल्लेख असतो. कायद्याच्या दृष्टीने ते औषध, तेव्हा अबकारी खाते आपल्या जागी आणि वैद्य आपल्या जागी.