प्रश्नातून उभे राहिलेले गद्य

‘मुद्दे काढा आणि निबंध लिहा’ ही आपल्या वर्गांतली जुनी सूचना. मुद्दे काढायचे कसे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. मग प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार अशा ठरीव खणांत विद्यार्थी वाक्ये भरत राहतात. या अडचणीवरचा एक उपाय एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यातच आहे. तेथे मुद्दा प्रश्नातून निघतो, आणि पुढचा मुद्दा त्या प्रश्नाच्या उत्तरावर घेतलेल्या शंकेतून. दोन पुस्तकांच्या आधारे हे तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

पहिले पुस्तक जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ (१८७३). सोळा भागांचे हे पुस्तक धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून उलगडते. प्रश्नोत्तराचे रूप तेव्हा नवे नव्हते. गुरुशिष्यसंवादाची परंपरा आपल्याकडे होतीच. मिशनऱ्यांच्या प्रश्नोत्तरी पुस्तिकाही प्रचारात होत्या. पण अशा पुस्तिकांत उत्तर आधी ठरलेले असते, आणि प्रश्न येतो तो ते पाठ करून घेण्यासाठी. फुल्यांनी हेच रूप उलट्या कामाला लावले. ब्रह्मदेवाच्या चार अवयवांपासून चार वर्ण झाले, ही मनुसंहितेतील कथा आरंभीच समोर येते. आणि लगेच शंका निघते, की मग ब्राह्मणाची मूळ माता कोठून आली? इंग्रजादी लोक कोणत्या अवयवाचे? कथा शब्दशः खरी धरून विचारलेला प्रश्न तिला आतूनच खिळखिळी करतो. पुढे मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम अशा एकेका अवतारकथेला हीच कसोटी लागते. पुस्तकाची मांडणी या शंकांच्या क्रमानेच पुढे सरकते. फुल्यांची सारी उत्तरे आजच्या इतिहाससंशोधनाला मान्य होतील असे नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र अजून जागे आहेत.

दुसरे पुस्तक बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२). १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे झडू लागले. ताराबाईंनी बचावाचे भाषण केले नाही. स्त्रियांवर ठेवले जाणारे दोष त्यांनी एकेक करून उचलले, आणि हेच दोष पुरुषांत नाहीत काय, असे विचारले. सावित्री पतीसाठी यमामागे गेली. पत्नीसाठी असा कोणी पती गेला काय? येथे धोंडीबा नाही, उत्तर देणारा कोणी समोर नाही. ज्यांना विचारायचे ते सारे गप्प आहेत, आणि त्या मौनामुळेच प्रश्नांची धार वाढत जाते. फुल्यांना प्रश्नाने संवाद दिला, ताराबाईंना तुलना. म्हणजे रूपही प्रश्नाच्या जातीवरून ठरते.

असा प्रश्न विचारण्याची किंमत पडते. ताराबाईंवर टीका झाली. फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. तरीही पुस्तक विस्मृतीत गेले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले. दाबला गेलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत संपत नाही, हेच यातून दिसते.

लेखन शिकवणाऱ्यांनी यातून काय घ्यावे? ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयावर काही सुचत नाही, कारण त्यात विचारण्यासारखे काही उरलेलेच नसते. त्याऐवजी गावात टँकर येतो तेव्हा रांगेत कोण उभे असते, असे विचारून पाहावे. बहुधा बायका आणि मुली, असे उत्तर येईल. तेथे न थांबता पुन्हा विचारावे: त्याच का? त्या वेळी त्यांचे दुसरे कोणते काम राहून जाते? मुलीची शाळा बुडते काय? दोन-तीन पायऱ्यांतच निबंधाला विषय मिळतो, आणि लिहिणाराला भूमिका. मात्र अशा प्रश्नाचे उत्तर शिक्षकालाही आधी ठाऊक नसावे, एवढी तयारी आपली हवी. नाहीतर आपणही प्रश्नोत्तरी पुस्तिकाच शिकवीत राहू.