पैनगंगेच्या दोन तीरांवरचा राजा

पुसेगाव म्हटले की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना साताऱ्याकडचे, सेवागिरी महाराजांच्या रथाचे पुसेगाव आठवते. मी लिहितो आहे ते हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावाच्या मुलखाविषयी. पण नावाचा हा योगायोग उपयोगी आहे. सातारचे छत्रपती निपुत्रिक वारले तेव्हा त्यांनी घेतलेले दत्तक लॉर्ड डलहौसीने नामंजूर केले आणि राज्य खालसा झाले, ते वर्ष १८४८. तिकडे राजा गेला आणि कलेक्टर आला. त्याच डलहौसीने पाचच वर्षांनी हैदराबादच्या निजामाशी तह केला. त्यात राजा राहिला, गादी राहिली, दरबार राहिला. गेला तो मुलूख. एकाच गव्हर्नर जनरलने वापरलेल्या या दोन रीती आहेत. आपल्या इतिहासलेखनात पहिलीवर पुष्कळ शाई खर्च झाली. दुसरीचा हिशेब मात्र अजून पुरता मांडलेला नाही, आणि मराठवाड्याचे दैव त्या दुसरीशी बांधलेले होते.

या हिशेबाची सुरुवात फौजेपासून करावी लागते. निजामाच्या नावाने, निजामाच्या पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी एक फौज रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात उभी राहिली. १८१९ च्या जानेवारीत हटकरांचे पुढारी नोवसाजी नाईक यांच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा पडला, तो याच फौजेचा. त्याच वर्षापासून हिंगोली ही तिची छावणी झाली आणि १९०३ पर्यंत राहिली. हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावे आजही रूढ आहेत. पुसेगावच्या माणसाला बाजारासाठी जवळचे मोठे गाव हेच. त्यामुळे राज्य निजामाचे असले तरी कवायतीचा हुकूम कोणत्या भाषेत सुटतो, हे इथल्या लोकांना ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही.

फौज पोसता पोसता निजाम कर्जबाजारी झाला. धनको कोण, तर ज्यांच्या कामी ती फौज येत होती तेच. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश फौजेच्या खर्चासाठी आणि कर्जाच्या फेडीसाठी कंपनीच्या कारभारात गेले. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला आणि ही फौज सर ह्यू रोज याच्या मोहिमेत मध्य हिंदुस्थानात लढली. त्याचे बक्षीस १८६० मध्ये मिळाले. धाराशिव आणि रायचूर दुआब परत आले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, वऱ्हाड मात्र परत आले नाही. कापसाची काळी जमीन कोणी सहजी सोडत नसतो. पहिल्या सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून अखेरपर्यंत खटपट केली, १८७६ मध्ये ते विलायतेलाही जाऊन आले. पण त्यांना यश आले नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, खंड ठरला सालाना पंचवीस लाख रुपये. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि हिंगोलीची छावणीही मोडली. ज्या फौजेसाठी मुलूख घेतला ती फौज निजामाची उरली नाही, मुलूख मात्र परत आला नाही.

आता नकाशा समोर धरावा. पुसेगावच्या उत्तरेला पैनगंगा आहे. पलीकडे वाशीम, म्हणजे वऱ्हाड. दोन्ही तीरांवर माणसे मराठी, पिके तीच, सोयरिकी दोन्हीकडे. कायद्याने दोन्ही तीरांचा धनी एकच, हैदराबादचा निजाम. पण पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली सिक्का, आणि सात हाली दिले तर सहा कलदार मिळायचे. माल सरहद्दीतून न्यायचा तर करोडगिरीचा नाका. पलीकडे १८६७ मध्येच रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. इकडे निजाम रेल्वेचा फाटा पूर्णेहून हिंगोलीला येऊन थांबला, त्याची अकोल्याशी जोड स्वातंत्र्यानंतरच झाली. पलीकडे कायदेमंडळ आले आणि १९३७ मध्ये निवडून आलेले मंत्रिमंडळही आले. इकडे सरकारी भाषा उर्दू, आणि जाहीर सभेसाठी आधी परवानगी मागावी लागे. ‘गश्ती ५३’ हे नाव त्या पिढीतल्या कार्यकर्त्यांना पाठ होते. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली.

यावरून इंग्रजी अंमल बरा होता असा निष्कर्ष कोणी काढेल. मला तो मान्य नाही. पलीकडचा शेतकरीही सारा आणि सावकार यांच्या कात्रीत होताच, आणि त्याचा कापूस कोणाच्या गिरण्यांसाठी निघत होता हे सर्वांना माहीत आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. पलीकडच्या माणसाला आपले गाऱ्हाणे कोणाविरुद्ध आहे हे ठाऊक होते. अलीकडच्या माणसापुढे दोन दारे होती आणि दोन्ही बंद. निजामाच्या कारभाराविरुद्ध रेसिडेंटकडे जावे तर तो संस्थानच्या अंतर्गत कारभाराकडे बोट दाखवणार. संस्थानाकडे हक्क मागावेत तर ते राजनिष्ठा मागणार. जबाबदारी अशी दोघांत वाटली गेली की ती कोणाचीच उरली नाही.

खुद्द राजालाही आपली जागा दाखवली गेली. पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल मीर उस्मान अली खान यांना १९१८ मध्ये ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ ही इतर कोणत्याही संस्थानिकाला नसलेली पदवी मिळाली. पदवीच्या भरवशावर त्यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगचे उत्तर आले. त्याचा आशय असा, की हिंदुस्थानात ब्रिटिश राजमुकुटाची सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करण्याचा दावा करू नये. १९३६ च्या कराराने समजूत घातली गेली. वऱ्हाडवरचे निजामाचे स्वामित्व मान्य झाले, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, कारभार होता तिथेच राहिला.

१९४७ मध्ये राजमुकुटच निघून गेला, तेव्हा या रचनेतला पोकळपणा उघडा पडला. जूनमध्ये निजामाने स्वतंत्र होण्याचा मनसुबा जाहीर केला. ब्रिटिश राष्ट्रकुलात थेट स्थान मिळावे हा त्यांचा प्रयत्न लंडनने मनावर घेतला नाही. २० नोव्हेंबरला राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले, तिला निजामाने हिऱ्यांचा हार भेट दिला. तो ब्रिटिश राजघराण्यात अजून वापरात आहे. नऊ दिवसांनी भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. त्याच काळात मराठवाड्यातली गावे रझाकारांच्या दहशतीखाली होती, आणि तरुण सरहद्द ओलांडून उमरखेडसारख्या ठिकाणच्या कॅम्पांत जमत होते. उमरखेड म्हणजे वऱ्हाड. ज्या भूमीच्या स्वामित्वाचा कागद निजामाने पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्याच भूमीवरून त्याच्या राज्याविरुद्धचा लढा लढवला गेला. कागदावरचे राजेपण आणि माणसांवरचे राज्य यांतला फरक याहून स्पष्ट दिसणार नाही.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर राज्य संपले, तरी राजा लगेच गेला नाही. १९५० ते १९५६ उस्मान अली खान राजप्रमुख होते आणि सालाना पन्नास लाखांचा तनखा घेत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले. पैनगंगेचे दोन तीर एका राज्यात आले ते एकशे तीन वर्षांनी.

आज आपण मराठवाड्याच्या अनुशेषाविषयी बोलतो तेव्हा एकतर निजामाला दोष देतो, नाहीतर मुंबईला. या खातेवहीत तिसरे एक नाव लिहायला हवे. राजा गादीवर ठेवून त्याच्या आडून राज्य करणे ही साम्राज्याची सर्वांत स्वस्त युक्ती होती. तिचा खर्च हैदराबादच्या तिजोरीतून गेला आणि ती तिजोरी पैनगंगेच्या अलीकडच्या शेतकऱ्याने भरली. लंडनला तो खर्च जवळजवळ पडलाच नाही, म्हणून तिथल्या आठवणीत हा मुलूख नाही. आपल्या आठवणीत तो असायला हवा.