निवडणूक खर्चमर्यादा (विधानसभा)

विधानसभेच्या उमेदवाराने अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत प्रचारावर जास्तीत जास्त किती खर्च करावा, याचे कायदेशीर बंधन. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ खाली ते घातले जाते. २०२२ पासून महाराष्ट्रात ही मर्यादा ४० लाख रुपये आणि गोव्यात २८ लाख रुपये आहे. राजकीय पक्षाला मात्र कोणतीच मर्यादा नाही, आणि या व्यवस्थेचे खरे दुखणे तिथेच आहे. खर्च निरीक्षकांचे पथक उमेदवाराच्या सभेतील मंडप, खुर्च्या, चहा, नाश्ता जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे मोजून स्वतंत्र नोंदवहीत टिपते. त्याच सभेला हेलिकॉप्टरने आलेल्या स्टार प्रचारकाचा प्रवास उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. उमेदवार व्यासपीठावर चढला किंवा त्याचा फोटो फलकावर दिसला, की सभेच्या इतर खर्चातला वाटा त्याच्या नावावर पडतो. म्हणून काही सभांत उमेदवार शहाणपणाने लांबच राहतो.

पक्षाच्या खर्चाची ही पळवाट नकळत राहिलेली नाही. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याचाच मानला. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि निकाल निष्प्रभ झाला. २००३ च्या दुरुस्तीने हे दार पुष्कळसे लोटले, पण नेत्यांच्या प्रवासापुरती फट ठेवली. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला तर हात लागलाच नाही.

मर्यादाच अवास्तव आहे, ती वाढवली की लपवाछपवी थांबेल, असे काहींचे म्हणणे. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत मर्यादा २५ लाखांची असताना आपण ८ कोटी खर्च केले, असे भाजप नेते गोपीनाथ मुंडे यांनी २०१३ मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितले, तेव्हा या मताला जोर आला. पण २०१४ मध्ये महाराष्ट्रात २८ लाख असलेली विधानसभेची मर्यादा आता ४० लाख झाली, तरी बहुतेक विजयी उमेदवारांचे हिशेब मर्यादेच्या बरेच खाली असतात. आकडा तोकडा हेच कारण असते, तर ते काठाला टेकले असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पक्षावर मर्यादा घातल्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधा येईल. ब्रिटनने २००० च्या कायद्याने पक्षांच्या देशव्यापी प्रचारखर्चावर मर्यादा घातली. तिथल्या पक्षांची वाचा काही बसली नाही.

खर्चाइतकाच प्रश्न देणगी देणाऱ्याचाही आहे. देणगीदारांचे हितसंबंध ज्यांत गुंतू शकतात ते जमीन, खाणी, मद्य, रस्त्यांची कंत्राटे हे विषय राज्य सरकारच्या हातातले. लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदा मात्र भारतात नाही. देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरले आणि त्यांनी दिलेली गुप्तता गेली. तरी पक्षांचा देणगी अहवाल वर्षातून एकदाच येतो, आणि कोणती देणगी कोणत्या राज्यात वापरली हे त्यातून कळत नाही. महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले. त्या हंगामातील देणग्यांची जागा २०२४-२५ च्या अहवालात, म्हणजे नवे सरकार बसून कित्येक महिने उलटल्यावर.