पेटी कोण सांभाळणार?

"जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आम्हा परभणीकरांना पाळण्यातच शिकवतात. पुण्यात ऑफिसात सांगितली की लोक हसतात. हसू देत. एका विषयात मात्र ही दोन्ही नावं खरंच शेजारी बसवता येतात, तो विषय म्हणजे पुस्तकाची फुकट देवघेव.

"पुस्तक न्या, पुस्तक ठेवा" अशी पेटी आता बऱ्याच सोसायट्यांच्या फाटकावर दिसते. तिचं श्रेय सहसा अमेरिकेतल्या टॉड बोलला मिळतं. 2009 साली विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावात त्याने शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीसाठी छोट्या शाळेच्या आकाराची पेटी अंगणात उभी केली. पण जर्मनीत हॅम्बुर्गच्या रस्त्यांवर 1993 सालीच पुस्तकांची उघडी कपाटं आली होती. न कुलूप, न सभासद वर्गणी.

आता परभणी. गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा एक शनिवार मित्राच्या मोटारसायकलवर याच कामी घालवला. एका कॉलनीच्या बागेपाशी पत्र्याची पेटी सापडली. आत दहावीचं गाईड, स्पर्धा परीक्षेची दोन जुनी पुस्तकं, भिजून फुगलेला एक दिवाळी अंक. मी फोटो काढत होतो तर मित्र म्हणाला, "काय बघायलास बे? हिला वाली कोण आहे ते विचार आधी." विचारलं. कोणीच नव्हता. ज्यांनी लावली ते बदली होऊन गेले होते.

नंतर आम्ही शंभरी कधीच ओलांडलेल्या गणेश वाचनालयाकडे वळलो, आणि मित्राचा प्रश्न डोक्यात पक्का बसला. एक पेटी दोन-चार वर्षांत मरते आणि एक वाचनालय निजामाच्या काळापासून टिकतं, असं का?

तो काळ जरा आठवून बघा. परभणी हैदराबाद संस्थानात. कचेरीची भाषा उर्दू. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. 'गश्ती निशान 53' या फतव्यामुळे सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. अशा वेळी मराठी वाचनालय म्हणजे नुसतं पुस्तकांचं कपाट नव्हतं, चार माणसांनी एकत्र बसायची जागा होती. कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ (1913-1953) याच परभणीत सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी करत मराठीत लिहीत राहिले. 1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं, ते परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं (आता जालन्यात). ही मंडळी काही आकाशातून पडली नव्हती. वाचनालयं, खासगी शाळा, गणेशोत्सव यांतूनच ती तयार झाली.

गंमत म्हणजे पेटीची कल्पनाही आपल्याला नवी नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि फिरती वाचनालयं सुरू केली. लाकडी पेटीत मोजकी पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची, वाहतुकीचा खर्च सरकारचा. पण गावात पेटी ताब्यात घेणारा जबाबदार माणूस हवाच. कायमचं वाचनालय हवं असेल तर गावाने वर्गणी काढायची, मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायत आणि तेवढीच सरकार घालणार. म्हणजे एक तृतीयांश वाटा गावाचा.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पेटी हा फक्त स्क्रीन आहे, खरं काम मागच्या सर्व्हरवर चालतं. टॉड बोलच्या नोंदणी केलेल्या पेटीलाही एक राखणदार लागतो. नाशिकच्या विनायक रानडेंनी 2009 मध्येच सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या दुबईपर्यंत गेल्या, तिथेही प्रत्येक गटाला समन्वयक असतो. आणि आपल्याकडे 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्यातून अ, ब, क, ड वर्गांनुसार वाचनालयांना अनुदान मिळतं. ते तुटपुंजं आहे ही तक्रार जुनीच, आणि रास्तही. तरी रोज सकाळी कुलूप काढणारा माणूस त्याच व्यवस्थेतून उभा राहतो.

आपण मात्र पेटीचा फोटो आवडीने टाकतो आणि गावातल्या वाचनालयाचे सभासद नसतो. मीही नव्हतो. त्या शनिवारी आम्ही दोघांनी वर्गणीची चौकशी केली. महिन्याच्या वर्गणीत पुण्यात एक कॉफीसुद्धा येत नाही!

असो. तुमच्या सोसायटीत पेटी लावायचा बेत असेल तर जरूर लावा. फक्त पावसाळ्यात ती कोण बघणार, दर महिन्याला पुस्तकं कोण बदलणार, आणि तो माणूस गाव सोडून गेला तर पुढे कोण, ही तीन नावं आधी कागदावर लिहा. रंग कोणता द्यायचा ते नंतर ठरवता येईल.