बिल्ला आणि पदक

माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत दोन वस्तू एकाच फडक्यात बांधलेल्या होत्या. एक पितळी बिल्ला, गावकीचे काम करताना पट्ट्यावर लावायचा. दुसरी पांढुरक्या धातूची चकती. एका बाजूला मुकुट घातलेल्या इंग्रज राजाचे डोके, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह. आमच्या घरात दोन्हींना शब्द एकच होता : बिल्ला. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी कॉलेजात इतिहास शिकलो, तेव्हा कुठे ग्रंथालयातल्या एका पुस्तकातल्या चित्रावरून मला कळले की त्या चकतीला 'वॉर मेडल १९३९-४५' म्हणतात. आजोबा तोपर्यंत गेले होते. १९४३ साली ते कामठीला जाऊन महार पलटणीत भरती झाले आणि १९४६ साली परत आले. गावकीची पाळी आमच्या घराकडे आली तेव्हा पाटलाने त्यांच्या बापाचा पितळी बिल्ला त्यांच्या हातात ठेवला. राजाच्या बिल्ल्याने पाटलाच्या बिल्ल्याची सक्ती तसूभरही कमी झाली नाही.

हे घरगुती प्रकरण येथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. मी अमरावतीला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर गेलो होतो. शार्दूल दरवाज्यापाशी उभे राहून मी १८०३ ची लढाई सांगत होतो. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला हा किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मेला. आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. एवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "सर, याच्यात आपलं कोन होतं?"

प्रश्न साधा होता. उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते.

त्या लढायांचे पदक निघाले, ही गोष्ट वऱ्हाडात फारच थोड्यांना माहीत आहे. 'आर्मी ऑफ इंडिया' असे त्याचे नाव. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी असे. त्या पट्ट्यांत एक अडगावची आणि एक गाविलगडाची आहे. अकोल्याचे एक खेडे आणि अमरावतीचा एक डोंगरी किल्ला इंग्लंडच्या टांकसाळीत चांदीवर कोरले गेले! पण हे पदक मंजूर झाले १८५१ साली, लढाईनंतर तब्बल अठ्ठेचाळीस वर्षांनी. शिवाय ते फक्त हयात असलेल्यांना मिळायचे. मेलेल्या शिपायाच्या बायकामुलांना त्यावर हक्क नव्हता. १८०३ साली वीस वर्षांचा असलेला शिपाई तोवर अडुसष्टीला पोचलेला. तो जिवंत पाहिजे, ही घोषणा त्याच्या कानावर गेली पाहिजे, आणि आपण त्या पलटणीत होतो हे त्याला सिद्ध करता आले पाहिजे. १८०३ ते १८२६ या तेवीस वर्षांतल्या सर्व लढायांची मिळून अशी सुमारे साडेचार हजार पदके दिली गेली. लढले होते लाखांनी.

वेलस्लीच्या फौजेत देशी पलटणी होत्या त्या मुख्यतः मद्रास इलाख्याच्या, आणि मद्रास सैन्यात त्या काळी परैया जातीचे शिपाई पुष्कळ होते. तेव्हा त्या मुलाला मी एवढेच सांगू शकलो की आपल्यासारखेच गावाबाहेर राहणारे लोक दूर तामिळ मुलखातून येथे येऊन लढले असणार. वऱ्हाडातला महार मात्र त्या फौजेच्या यादीत शोधू नकोस. तो भेटेल तो खेड्यात, रस्ता दाखवायला धरून नेलेला, ओझ्याखाली वाकलेला. त्याची यादी कोणी ठेवली नाही.

या ठिकाणी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. लष्करी सन्मान तीन प्रकारचे असतात. एक शौर्याचा, एका माणसाने केलेल्या एका कृत्याबद्दल. दुसरा मोहिमेचा, हजर असलेल्या सर्वांना. माझ्या आजोबांचे पदक या जातीचे, अठ्ठावीस दिवसांची नोकरी झाली की मिळणारे. तिसरा पलटणीचा : लढाईचे नाव निशाणावर चढते आणि त्या पलटणीत पुढे भरती होणाऱ्या प्रत्येक शिपायाचे होते. पहिले दोन माणसाबरोबर घरी येतात. तिसरा सन्मान घरी येत नाही, तो पलटणीतच राहतो. बापाने मिळवलेल्या तिसऱ्या सन्मानाचा वारस व्हायचे तर मुलाला त्याच पलटणीत भरती व्हावे लागते. भरतीच बंद केली, तर?

आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईची हकीकत या नियतकालिकाच्या वाचकाला मी नव्याने सांगायला नको. तेथील स्तंभावर मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमधील ४९ मृतांची नावे आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. स्तंभाविषयी आपण बोलतो. पण त्या लढाईचे बक्षीस म्हणून त्या बटालियनला 'ग्रेनेडियर' हा मान मिळाला आणि कोरेगावचे नाव तिच्या निशाणावर चढले, याचा विचार आपण करीत नाही. ती पलटण पुढे ग्रेनेडियर्स म्हणून टिकली. तिच्यातला महार टिकला नाही. १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती थांबवण्यात आली, तेव्हा नोकरी गेली हे तर खरेच. पण निशाणावरचे नावही त्याच दिवशी परक्यांचे झाले. बावीस नाकांनी मिळवलेला मान त्यांच्या नातवाला पलटणीच्या दारात उभे राहूनही मागता येईना.

समुद्रावरची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. कंपनीच्या लढाऊ जहाजांवर शिपाई पुरवण्यासाठी १७७७ साली मुंबईत एक मरीन बटालियन उभी राहिली. समुद्र ओलांडला की जात बाटते, असे मानणारे वरच्या जातीचे शिपाई जहाजावर चढायला नाखूश असत. महाराला जात बाटण्याची भीती कसली? या बटालियनमध्ये महार शिपाई मोठ्या संख्येने होते. (लष्करी कागदांत त्यांना 'परवारी' म्हटले आहे, हे कागद पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, 'महार' शोधत बसले तर अर्धे लोक हातून सुटतील.) जहाजाच्या फळ्यांवर स्पृश्य आणि अस्पृश्य एकाच पाण्याच्या पिंपावर जगत होते. इराणच्या आखातापर्यंत ते गेले. ही बटालियन १९०३ मध्ये १२१ वी पायोनियर्स झाली आणि १९३३ साली पायोनियर पलटणीच मोडीत निघाल्या. ग्रेनेडियर्सचा मान निदान कोणाच्या तरी निशाणावर आहे. मरीन बटालियनचा मान चालवणारी पलटणच उरली नाही.

आता एक आक्षेप. आमचे काही मित्र म्हणतात, इंग्रजांच्या पदकांचा अभिमान कसला बाळगता? त्या पदकांनी देश गुलाम झाला. आक्षेपात तथ्य आहे, आणि वऱ्हाडच्या माणसाला ते अधिक जाणवावे. अडगावच्या विजयातून वऱ्हाड निजामाच्या पदरात पडला; १८५३ मध्ये निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी तो कंपनीकडे लावून देण्यात आला. म्हणजे आमच्या कापसाच्या काळ्या जमिनीचा सारा एका फौजेच्या पगाराला जात होता. परतवाडा हे मुळात छावणीचेच गाव. त्या साऱ्याच्या मुळाशी शेतावर राबणारा कोण होता हे सांगायला नको. तेव्हा कंपनीच्या विजयाचा अभिमान मलाही वाटत नाही.

परंतु गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज लिहिले, ते विजयाचा डंका वाजवण्यासाठी नव्हेत. वलंगकर स्वतः निवृत्त हवालदार. माणूस म्हणून ज्याची साक्ष गावात कोणी घेत नव्हते, त्याच्यापाशी सरकारी कागदावर लिहिलेली एकच साक्ष होती : मी नोकरी केली, मी लढलो. तिचा त्यांनी वापर केला. पदक हा त्यांच्या दृष्टीने दागिना नव्हता, पुरावा होता. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावला गेले, मार्चमध्ये महाडला, आणि त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला आमच्या अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष झाले. या तीन तारखा मी फळ्यावर एकाखाली एक लिहितो. मुलांना फार समजवावे लागत नाही.

पुढचा क्रम थोडक्यात. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि १९४२ मध्ये तिची दुसरी बटालियन कामठीला. वऱ्हाडच्या पोराला भरतीचे ठाणे प्रथमच आगगाडीच्या एका रात्रीवर आले. रेजिमेंटच्या टोपीवरच्या चिन्हात सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढून त्या जागी खंजीर आला. स्वकीयांविरुद्धच्या लढायांचे सन्मान मिरवायचे नाहीत हे धोरण मी समजू शकतो. तरीही शंभर वर्षांनी हाती आलेला वारसा इतक्या लवकर परत काढून घेतला गेला, याची बोच राहतेच. रेजिमेंटने मात्र नवे मान मिळवले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ मध्ये श्रीलंकेत मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, ते आठव्या महार बटालियनचे. ते आमच्या जातीचे नव्हते. पलटणीचा मान जातीचा नसतो, आणि तसाच तो असायला हवा.

गाविलगडाहून परतल्यावर मी वर्गात सांगितले की घरातल्या पेट्या उघडून पाहा. काहीही धुऊन-पुसून चकचकीत करू नका, आहे तसे आणा. पुढच्या महिनाभरात दोन पदके आली, एक फोटो आला, एका मुलाने रिकामी फीत आणली. पदक १९७२ च्या दुष्काळात चांदीचे समजून सोनाराकडे नेले होते म्हणे, आणि सोनाराने ते परत केले नाही. अकोला जिल्ह्यातल्या एका मुलीने पणजोबांचे डिस्चार्ज बुक आणले. पाने वाळवीने खाल्लेली. जातीच्या रकान्यातली अक्षरे मात्र ठळक होती. पदकांच्या रकान्यात काहीतरी लिहून वर शाई सांडलेली होती. आम्ही ते पान खिडकीशी नेऊन उजेडावर धरले. 'बर्मा' वाचता आले. त्यापुढचा शब्द तिनेच लावला : स्टार. मग ती म्हणाली, "सर, घरी याले 'आबाचा रेशनचा कागद' म्हंतात."